उजवीकडची खुर्ची

समोरचा माणूस बसायच्या आधी सर खुर्ची उचलायचे. नुसती सरकवायचे नाहीत, दोन्ही हातांनी उचलून आपल्या खुर्चीच्या उजव्या अंगाला जरा तिरकी ठेवायचे. मग हात पुढे करून म्हणायचे, "आइए, इधर बैठिए. जल्दी किसको है?"

माझ्याशी बोलताना हेच वाक्य त्यांच्या अकोल्याकडच्या बोलीत यायचं. "घाई कोणाले आहे, पोरी? तुले का त्याले?"

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याची लकब आधी आठवते आणि चेहरा मागून येतो. सरांच्या बाबतीत मला आधी ती खुर्ची आठवते. त्यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं, आणि उजवा कानही हळूहळू जात होता. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोपर्यंत आम्ही सगळे त्या खुर्चीला समुपदेशनाचं तंत्र समजत होतो.

मी लखनौला कशी, हे थोडक्यात सांगते. वडील सैन्यात हवालदार. सातारा जिल्ह्यातून निघून फिरत फिरत आम्ही लखनौच्या तेलीबाग भागात आलो आणि तिथेच राहिलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए., मग मानसशास्त्रात एम.ए., आणि त्यानंतर समुपदेशनाचा डिप्लोमा. वडिलांना मी बी.एड. करावं असं वाटत होतं. डिप्लोमाचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बूट पुसत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे लोक येणार, रडणार, आणि तू ऐकणार? ह्याला डिप्लोमा लागतो?"

आईला मात्र अभिमान होता. ती शेजारणीला सांगायची, "लडकी डॉक्टर बनेगी. बिना सुई का डॉक्टर."

प्रवेशाच्या मुलाखतीला तिघेजण बसले होते. "आपको ये कोर्स क्यों करना है?" असं एकांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडापर्यंत येईना. मी अशीच होते. कुणी काही विचारलं की आधी घसा कोरडा पडायचा. प्रश्न विचारणारे पेन टेबलावर आपटू लागले. तेव्हा कडेला बसलेले, उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "रुकिए. सोच रही हैं." आणि ते खरंच थांबले. खोलीतल्या सगळ्यांना त्यांच्यासाठी थांबावं लागलं. शेवटी मी काय बोलले ते आता आठवत नाही. पण आपल्यासाठी कुणी असं थांबलंय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेच सर. आधी ते हवाई दलात होते. विमानांच्या इंजिनांवर काम. नोकरीत असतानाच बाहेरून परीक्षा देत देत त्यांनी मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि निवृत्तीनंतर या कामाला लागले. "आधी इंजिनाचं ऐकत होतो, आता माणसाचं," असं म्हणून ते हसायचे. त्या हसण्यामागे काय होतं, हे आम्हाला काय कळणार?

आमचं प्रात्यक्षिक एका जुन्या बंगल्यातल्या केंद्रात चालायचं. केंद्र एक डॉक्टरीणबाई चालवायच्या. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली होती. दोन खुर्च्या बोलणाऱ्यांसाठी आणि तिसरी कोपऱ्यात, शिकणाऱ्यासाठी. कोपऱ्यातल्या खुर्चीचा नियम कडक होता. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, खोकला आला तर गिळायचा. "तिथं बसलं की भिंत व्हायचं," सर सांगायचे. "भिंत मधात बोलली तर माणूस पळून जाते."

मला ती खुर्ची फार आवडायची. न बोलण्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कुणी शाबासकी देत होतं.

मे महिन्यात लखनौमध्ये काय होतं, ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. खोलीत एक मोठा कूलर होता. माणूस आत आला की सर आधी उठून कूलर बंद करायचे. घामाने आमचे कपडे पाठीला चिकटायचे. माझी वर्गमैत्रीण सीमा तिथलीच, बडबडी. ती बाहेर येऊन म्हणायची, "यार, ये सर की गर्मी वाली थेरपी है. आदमी पिघलेगा तो बोलेगा ना!"

आम्ही हसायचो. पण पुढे आमच्यातलं कुणीही समुपदेशनाला बसलं की आधी उठून कूलर बंद करायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे, "एक बार फिर बताइए." सर हे इतक्या आर्जवाने म्हणायचे की विचारता सोय नाही. पुढे झुकून, उजवा कान जरासा पुढे करून, डोळे समोरच्याच्या ओठांवर ठेवून. एकदा एक मध्यमवयीन कारकून आले होते. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बाक़ी सब ठीक है, बस नींद नहीं आती."

"एक बार फिर बताइए."

"नींद तो आती है… सोता नहीं हूँ. पिताजी की खाँसी सुनता रहता हूँ."

"माफ़ कीजिए. एक बार फिर?"

त्या गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, "पिताजी अब हैं नहीं. फिर भी सुनता हूँ."

मी कोपऱ्यात बसून हे पाहत होते. वाटलं, काय हे कसब! तेच वाक्य दोनदा विचारलं आणि माणूस दोन पायऱ्या खाली उतरला. आज मला ठाऊक आहे की त्या दोन्ही वेळा सरांना खरोखरच ऐकू आलं नव्हतं. पण ते गृहस्थ जाताना रुमालाने डोळे पुसत म्हणाले होते, "इतने ध्यान से तो घर में भी कोई नहीं सुनता." हेही तितकंच खरं. यातलं तंत्र कुठलं आणि अडचण कुठली, हे मला अजूनही वेगळं करता येत नाही.

आम्ही त्यांची नक्कल करत होतो, हे आमचं आम्हाला कळत नव्हतं. ते कळलं बाहेरच्या परीक्षकांमुळे. पहिल्या सत्राच्या शेवटी ते आले. आम्ही एकेक करून त्यांच्यासमोर सरावाची मुलाखत घेतली. एकेकाने उठून खुर्ची उचलली आणि उजव्या अंगाला ठेवली. एकेकाने कान पुढे करून "एक बार फिर बताइए" म्हटलं. शेवटी परीक्षकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रोफ़ेसर साहब, आपके सारे बच्चों की गरदन टेढ़ी क्यों है?"

खोली हसून हसून लोळली. सरही हसले. सगळ्यात जास्त तेच हसले आणि सगळ्यात आधी तेच थांबले. मग त्यांनी आपली मान हळूच सरळ केली. ते फक्त मला दिसलं, कारण मी कोपऱ्यात होते.

सर तेलीबागलाच राहायचे, भाड्याच्या दोन खोल्यांत, एकटे. त्यांच्या पत्नी काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या. कधीकधी आम्ही चारबागहून एकाच टेम्पोत, म्हणजे तिकडच्या शेअर रिक्षात, बसून घरी जायचो. एकदा गर्दीत मी त्यांच्या डाव्या बाजूला आले. खूप धीर गोळा करून मी बोलत होते की वडील लग्नाच्या मागे लागलेत, मला शिकायचंय, काय करू? सर समोर रस्त्याकडे पाहत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, घरगुती गोष्ट काढली म्हणून रागावले. उतरल्यावर ते नेहमीसारखेच हसून म्हणाले, "गप्प गप्प होती आज? बरं आहे ना?"

मी म्हटलं, "हो सर, बरं आहे." घरी जाताना मनात काहीतरी हललं. पण टेम्पोचा आवाज असतोच तेवढा, असं म्हणून मी ते तिथेच सोडलं.

मग जानेवारी आला.

लखनौचा जानेवारी म्हणजे दुपारी बारालाही धुकं. त्या दिवशी वीज गेली होती. खोलीतली खिडकी लहान, बाहेर सूर्याचा पत्ता नाही. आतला माणूस नुसता आकारासारखा दिसत होता. आलेली बाई तरुण होती, अमौसीकडे राहणारी. नवरा वारलेला, दोन लहान मुलं. याआधीही ती काही वेळा येऊन गेली होती. भाऊ आणून सोडायचा आणि खाली थांबायचा. तिचा आवाज मुळातच बारीक. लखनौचे लोक दुःखात आणखीच हळू बोलतात, जणू आपला त्रास दुसऱ्याच्या कानाला होऊ नये. त्यात त्या दिवशी थंडी म्हणून तिने शाल नाकापर्यंत ओढून घेतली होती.

सरांनी खुर्ची उचलली, उजवीकडे ठेवली. "आइए. जल्दी किसको है?"

ती बसली. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोलली. सर पुढे झुकले, आणखी झुकले. "एक बार फिर बताइए," असं त्यांनी दोनतीनदा म्हटलं. मग म्हणेनासे झाले. समोरच्याला सारखं सारखं किती विचारायचं, असं त्यांना वाटलं असावं. आता ते फक्त मान हलवत होते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कल बच्चों को अम्मा के पास छोड़ आई. वहाँ ठीक रहेंगे. अब मेरा कोई काम बाक़ी नहीं रहा."

कोपऱ्यात मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

आणि सर, त्यांच्या त्या सगळ्यात मायाळू हसण्याने, मान हलवत म्हणाले, "अच्छा… अच्छा."

तिनेही मान हलवली. परवानगी मिळाल्यासारखी. तिचा चेहरा मोकळा झाला. शाल सावरून ती उठली. "चलती हूँ, साहब."

सरही उठले, नमस्काराला हात जोडून.

मी भिंत होते. भिंत बोलत नाही.  ती दारापर्यंत गेली. तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला, आणि शब्दही माझे नव्हते, सरांचेच होते.

"दीदी, एक बार फिर बताइए. अभी आपने क्या कहा?"

ती थबकली. सर माझ्याकडे वळले. मी उठून तिच्याजवळ गेले, तिच्या तोंडावरची शाल खाली केली आणि तिला हाताला धरून खिडकीपाशी आणलं, तिचा चेहरा सरांना दिसेल असं. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. टेम्पोतला तो दिवस आत कुठेतरी जागा असेल.

"एक बार फिर," मी म्हटलं.

तिने तेच पुन्हा सांगितलं. या वेळी सांगताना तिचा ओठ थरथरला. सर तिच्या ओठांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मी विझताना पाहिलं. पण पुढच्याच क्षणी ते सावरले. तिच्यासमोर उभे राहून त्यांनी सरळ विचारलं, "आप मरने का सोच रही हैं?"

तिने मान खाली घातली आणि रडायला लागली. सरांनी पुन्हा खुर्ची उचलली, या वेळी खिडकीच्या उजेडात ठेवली आणि तिला बसवलं. मी खाली धावले, भावाला बोलावलं, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या दिवशी तिला एकटीला घरी जाऊ दिलं नाही. उपचार सुरू झाले. भावाला सरांनी बाजूला घेऊन काय काय सांभाळायचं ते एकेक करून सांगितलं. त्यात कुठेही चूक नव्हती. इतकं नेमकं काम मी नंतरही फार थोड्यांचं पाहिलं.

सगळे गेल्यावर सर त्या खोलीत परत आले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. 

"सर, मी नियम मोडला."

"नियम गेला चुलीत." ते माझ्या समोर बसले. "तू मले फक्त एक सांग. पहिल्यांदा ती हेच म्हणाली होती? हेच शब्द?"

"हो सर."

"आणि मी काय म्हणालो?"

मी बोलले नाही.

"घाई नाही," ते म्हणाले. "पण सांग."

"तुम्ही 'अच्छा' म्हणालात."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर कुणीतरी जिन्यावरून मोठमोठ्याने बोलत खाली गेलं. सरांना ते ऐकू आलं नाही, हे मला आता स्पष्ट दिसत होतं.

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत खिशात ठेवायचं ऐकण्याचं यंत्र होतं, लांब वायरचं. ते हातात घेऊन म्हणाले, "माह्या बायकोनं घ्यायला लावलं होतं. ती होती तोवर तीच सांगे कोण काय म्हणालं ते. हे लावून बसलो ना, पोरी, तर लोक ह्या डबीशी बोलतात. वायरकडे बघतात आणि आवाज चढवतात. दुःख कोणी ओरडून सांगत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "म्हटलं, तुमची बॅच तरी निघून जाईल. तेवढं झालं की बस."

"सर, तुमच्यामुळेच ती…"

"तुह्यामुळे," ते म्हणाले. "आज मी तिले जाऊ देत होतो. हसून."

 

दुसऱ्या दिवशी सरांनी डॉक्टरीणबाईंना स्वतः सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, शिकवणं तरी चालू ठेवा. सर म्हणाले, शिकवणं म्हणजे तरी काय, मुलांचं ऐकणंच. आठवडाभरात त्यांनी खोल्या रिकाम्या केल्या. अकोल्याजवळच्या गावी त्यांचा भाऊ होता, तिकडे जायचं ठरलं.

ती बाई पुढच्या आठवड्यात भावाबरोबर आली. डॉक्टरीणबाई बसल्या, मी कोपऱ्यात. आत येताच तिने खोलीभर नजर फिरवली. "वो साहब नहीं आए?" मग बसता बसता म्हणाली, "वो बहुत अच्छे से सुनते थे."

हे सरांना सांगावं की सांगू नये, याचा मी खूप विचार केला. सांगितलं तर त्यांच्या जखमेवर मीठ होईल का? न सांगितलं तर मी कोण ते स्वतःजवळ ठेवणारी?

चारबाग स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. मुंबईकडे जाणारी गाडी. भुसावळला उतरून ते पुढे जाणार होते. धुक्यामुळे गाडी लागायलाच उशीर होता. सीमाने डब्यातून पुऱ्या आणल्या होत्या आणि ती सरांच्या समोर उभी राहून, तोंड मोठमोठं करून बोलत होती. "सर! पूरी! रास्ते के लिए!" सर हसून म्हणाले, "बेटा, मैं बहरा हुआ हूँ, बच्चा नहीं." सीमा हसली आणि लगेच पाठ फिरवून रडली.

बाकावर सरांनी आपल्या उजवीकडच्या जागेवर हात थोपटला. "बस."

आता उजवी काय आणि डावी काय. पण मी तिथेच बसले, त्यांच्याकडे वळून, आणि सांगितलं. ती काय म्हणाली ते.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "मले समजलं नाही. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. "वो बहुत अच्छे से सुनते थे."

"पुन्हा."

त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. तरी मी तिसऱ्यांदा सांगितलं, आणखी सावकाश. त्यांनी पुऱ्यांचा डबा पिशवीत नीट ठेवला. मग म्हणाले, "तुह्या बापाले सांगितलं का, तुले शिकायचं आहे म्हणून?"

मी दचकले. हे मी त्यांना टेम्पोत सांगितलं होतं, डावीकडून.

"ते ऐकलं नव्हतं तुम्ही, सर."

"नाही. पण तोंड पडलेलं दिसलं होतं. मग तुह्या बापाले भेटलो बाजारात, तेव्हा समजलं. सांग त्याले. तू बोलू शकते. मी पाहिलं आहे."

गाडी आली. सर आत बसले. खिडकीची काच थंडीसाठी खाली ओढलेली होती, ती अडकली. आतून सरांनी, बाहेरून आम्ही, खूप जोर लावला. हलेना. सगळेजण काचेवर हात ठेवून काय काय ओरडत होते. मी ओरडले नाही. मी काचेजवळ जाऊन फक्त ओठ हलवले, आवाज न करता. "सांगते, सर. घरी गेल्यावर सांगते."

त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली.

मग ते काहीतरी म्हणाले. काचेपलीकडून मला ऐकू आलं नाही. ओठ वाचता येतात का पाहिलं, पण काचेवर धुक्याचं पाणी होतं आणि त्यांच्या मिशा भरघोस होत्या. तेव्हा मान हलवून हसणं अगदी सोपं होतं. सगळे तेच करत होते.

मी मान हलवली नाही. कान काचेला लावला आणि बोटाने खूण केली. पुन्हा एकदा सांगा.

ते पुढे झुकले. तोंड उघडलं. आणि गाडी हलली.